कायरबेक आगांची दुआ

अल्माटीत नव्या चित्रपटाचा पहिला खेळ संपला, तेव्हाच समीक्षक कायरबेक यांचं मत ठरलं होतं: चित्रपट अर्धा तास लांबलाय आणि शेवट खोटा आहे. उद्याच्या अंकात हेच लिहायचं होतं. पण दिग्दर्शक दिदारच्या आईने त्यांना जेवायला ओढून नेलं. पाहुण्यांत तेच वयाने मोठे, म्हणून मेंढीचं शिजवलेलं डोकं त्यांच्यापुढे आलं. डोक्याचा मान ज्याला, दुआही त्यानेच द्यायची.

त्यांनी तळवे पसरले. "या घराला बरकत येवो."

"आणि आमचा सिनेमा काय सावत्र?" आई म्हणाली.

सगळे हसले. पण तळवे कुणीच खाली घेईना.

"सिनेमाही... आहे तसा लोकांना आवडो."

"आमीन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

निघताना दिदारने त्यांना दाराशी गाठलं. "आगा, खरं सांगा. मधला भाग रेंगाळतो ना? शुक्रवारी सगळीकडे लागायच्या आत कापता येईल. निर्माता माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

कायरबेक बोलणार, तोच आई त्यांचा कोट घेऊन आली. "काय कापतोस रे? आहे तसा म्हणालेत ते. थोरांची दुआ कुणी कापतं का?"

"आगा?" दिदार त्यांच्याकडे बघत राहिला.

कायरबेक कोटाची बाही चाचपत राहिले.

"बरं, उद्या लेखात वाचतो," दिदार म्हणाला.

"लेखात आणखी काय असणार?" आई कौतुकाने म्हणाली. "त्यांचं तर सांगून झालंय."