चौदावा बोल

“गप्प बसलेल्या पाखराचा भरवसा धरायचा नाही, सूनबाई. आदळआपट करतं ते जगतं.”

लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते तेव्हा सासऱ्यांनी शूवेनला हे सांगितलं, आणि तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. चार वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीनं पाखरांच्या बाजारातलं शहाणपण कुठं मनावर घ्यायचं? त्या दिवशी ती बाजारात गेली होती ती रिकामा पिंजरा धरायला कुणीतरी हवं म्हणून.

उत्तरेच्या गवताळ माळावरून आलेला एक व्यापारी टोपलीत चंडोलाची सात पिल्लं घेऊन बसला होता. घरट्यातून नुकतीच काढलेली, पिसं अर्धवट फुटलेली. सासऱ्यांबरोबर, म्हणजे बाबांबरोबर, त्यांचे जुने दोस्त जिनकाका होते. बटणांच्या कारखान्यात दोघांनी तीस वर्षं शेजारी बसून काम केलं होतं आणि तीस वर्षं एकमेकांच्या पाखरांना नावं ठेवली होती. जिनकाकांनी टोपलीवर हात धरला तशी सहा पिल्लं अंग चोरून बसली. सातव्यानं मात्र उसळी घेऊन टोपलीच्या काठावर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळावर रक्ताचा ठिपका आला.

जिनकाकांनी सगळ्यात शांत पिल्लू उचललं. बाबा त्या डोकेफोड्याकडे बघत राहिले. आपटून दमल्यावर पिल्लू मागं वळलं आणि हाताकडे डोळे लावून उभं राहिलं. बाबांनी लगेच खिशात हात घातला.

“भीती सगळ्यांनाच असते,” पिंजऱ्याचं दार लावताना ते शूवेनला म्हणाले. “भ्याल्यावर वळून बघतं, त्याला स्वभाव असतो.”

“त्याला हातोडा म्हण,” जिनकाका म्हणाले. “एक तर ते स्वतःची कवटी फोडेल, नाही तर तुझं घर.”

जिनकाकांचं शांत पिल्लू नवव्या दिवशी मेलं. हातोडा जगला आणि नाव तेच राहिलं.

पण जगणं वेगळं नि माणसाळणं वेगळं. कुणी पिंजऱ्याजवळून गेलं की हातोडा वर उसळायचा. बाबांनी पिंजऱ्याचं वरचं छत काढून तिथं कापड ताणलं, म्हणजे डोकं फुटू नये. जिनकाकांचा सल्ला सोपा होता. भिजव, अंधारात ठेव, तीन दिवस उपाशी मार, चौथ्या दिवशी हातातलं खाईल. मोडून काढ. बाबांनी ऐकलं नाही. मोडलेलं पाखरू ओट्यावर चढत नाही, असं त्यांचं म्हणणं. चंडोलाच्या पिंजऱ्यात मधोमध अळंबीसारखा एक छोटा ओटा असतो. पाखरानं आपणहून त्यावर चढावं, पंख पसरावेत आणि गावं, तरच ते पाखरू. खाली वाळूत बसून गाणारा चंडोल आणि पोटासाठी गाणारा भिकारी यांत त्यांच्या लेखी फरक नव्हता.

त्यांची रीत उलटी होती. पिंजरा दाराच्या उंबऱ्याशी, जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत. शेजारी बुटकं स्टूल. त्यावर बसून बाबा बोटांच्या चिमटीत अळी धरायचे आणि तोंड दुसरीकडे करून अंगणातल्या बोरीशी बोलावं तसं काहीबाही बोलत राहायचे. पाखराच्या डोळ्यांत बघायचं नाही, डोळ्यांत बघतो तो ससाणा. चाळीस दिवस. बोटांवर टोचींच्या खुणा झाल्या. एकेचाळिसाव्या दिवशी हातोड्यानं बाबांच्या चिमटीतली अळी घेतली, ओट्यावर उडी मारली आणि मालकाकडे पाठ करून पंख उघडले.

मग सुरू झाली तालीम. चहाखान्यात जमणाऱ्या त्यांच्या पाखरवाल्यांच्या मंडळात चंडोलाचे तेरा बोल ठरलेले आणि त्यांचा क्रमही ठरलेला. चिमण्यांचं भांडण, अंडं घातलेली कोंबडी, मांजराचं पिल्लू, पाणक्याच्या गाड्याचं करकरणारं चाक, शेवटी घार. बाबांच्या जुन्या चंडोलाशेजारी बसून हातोडा ते एकेक उचलत गेला. तेरांच्या बाहेरचा एक जरी आवाज निघाला, तरी पाखराचं तोंड बाटलं. बाटलेलं तोंड सुधारत नाही आणि शेजारच्या पाखरांनाही लागतं, म्हणून अशा पिंजऱ्यावर तिथल्या तिथं कापड टाकतात आणि त्या पाखराला चहाखान्याची पायरी पुन्हा चढू देत नाहीत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात शूवेनला मुलगी झाली. मानमान. आणि शूवेनच्या डोळ्याला डोळा लागेना. बाळाचा श्वास मोजायचा, वाट्या दोनदा उकळायच्या, बाळाला घेण्याआधी तीनदा हात धुवायचे, दुसऱ्यांनाही धुवायला लावायचे. नवरा दाशान रेल्वेच्या रूळदुरुस्तीवर, महिन्याचे पंचवीस दिवस बाहेर. वाट्यांवरून, हात धुण्यावरून, खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवण्यावरून बाबांची कुरकुर अखंड चालायची. मुलगी वाढवतेस की मुरंबा घालतेस, असं ते एकदा म्हणाले होते.

ऑक्टोबरात तो जुना, म्हातारा चंडोल मेला, आणि त्याच आठवड्यात बाबांनी आपली गादी अंगणापलीकडच्या कोळशाच्या खोपटात हलवली. हातोड्यालाही नेलं. कारण रोकडं होतं. मानमानचं रडणं त्यानं उचललं तर सगळी तालीम मातीत. मार्चमध्ये मंडळाची बैठक होती. म्हातारा चंडोल गेल्यावर बाबांचं नाव आता या एका पाखरावर होतं, आणि जिनकाका वाटच बघत होते.

शूवेनला ते लागलं. आपल्या लेकीचं रडणं म्हणजे विटाळ की काय? तरी हिवाळाभर मानमाननं ओठ काढले रे काढले की तिला छातीशी धरायची. पोरीला मोकळं रडू दिलं नाही. हातोड्याचं तोंड बाटलं तर दोष कुणाच्या पदरात पडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात बाबांची कुरकुर मात्र थांबली. जेवायला येत, अर्धा वाडगा शेवया खात, दारातूनच नातीला हात हलवून परत जात. हात धुवा म्हटलं तर धूत. शूवेननं फोनवर दाशानला अभिमानानं सांगितलं, बाबा आता छान निवळलेत.

बैठकीच्या सकाळी पिंजरा तिनं घेतला. बाबांचं मनगट दुखत होतं, निदान त्यांनी तसं सांगितलं. पाठीला मानमान, हातात निळ्या कापडाखाली हातोडा. वाटेत बाबा तीनदा थांबले. एकदा बुटाची नाडी बांधायला, एकदा कुणाची तरी कबुतरं बघायला, एकदा तिळाची पोळी घ्यायला, जी त्यांनी खाल्लीच नाही. शूवेननं तिन्ही वेळा बघितलं आणि तिन्ही वेळा तिचं लक्ष परत पाठीवरच्या बाळाकडे गेलं. आता रडू नकोस गं बाई, एवढा एक तास.

चहाखान्यात पंधरावीस म्हातारे आणि तेवढेच पिंजरे. बाई एकटी तीच. हातोड्याचा नंबर आला तशी बाबांनी कापड काढलं. त्यानं सगळ्यांकडे एकदा वळून पाहिलं आणि ओट्यावर चढला. पंख उघडले. चिमण्या भांडल्या, कोंबडीनं अंडं घातलं, चाक करकरलं. म्हाताऱ्यांच्या हातातले पेले हवेतच राहिले. शूवेन बोटांवर मोजत होती. अकरा. बारा. तेराव्याला घार इतकी खरी ओरडली की कोपऱ्यातलं एक पाखरू वाळूत दडलं.

झालं, असं म्हणून तिनं श्वास सोडला, आणि हातोड्यानं चौदावा बोल काढला.

दोन कोरडे ठसके. मग एक लांब ओढलेला श्वास, आणि त्या श्वासाच्या टोकाला किटलीतून वाफ सुटावी तशी बारीक शीळ.

खरं सांगायचं तर शूवेनला आधी हायसं वाटलं. बाळाचं रडणं नव्हतं. दोष तिचा नव्हता. पुढच्या क्षणाला तिच्या मनात आलं: खोपटात हातोड्याशेजारी बसायला होतं तरी कोण?

आजूबाजूला पिंजरे उचलण्याची घाई उडाली. जिनकाका उठले. “टाका कापड. तोंड बाटलंय. म्हाताऱ्या, तेव्हाच म्हटलं होतं, मोडून काढ.”

गेल्या तीस वर्षांत जिनकाकांचा एकही टोमणा बाबांनी परतवल्याशिवाय सोडला नव्हता. आज त्यांनी मुकाट्यानं स्वतःच कापडाकडे हात नेला. शूवेनला तो मुकाटपणा ओळखू आला. शांत पिल्लू असंच बसलं होतं टोपलीत.

“कापड राहू द्या,” ती म्हणाली.

“पोरी, यात तू पडू नकोस,” जिनकाका म्हणाले. “बाटलेला बोल एका सकाळीत दहा पाखरांना लागतो.”

“जिनकाका, ते करकरतं ते काय आहे?”

“पाणक्याच्या गाड्याचं चाक. शेंबडं पोरही सांगेल.”

“तुम्ही बघितलाय तो गाडा?”

“माझ्या आज्यानं बघितला असेल. घरोघर नळ आले तेव्हाच गेले ते गाडे.”

“मेलेल्या पाणक्याचं चाक तुम्हाला चालतं,” शूवेन म्हणाली, “आणि जिवंत माणसाचा खोकला तेवढा बाटगा?”

कुणीतरी चहाच्या पेल्यात तोंड लपवून हसलं. जिनकाकांनी कापड उचललंच. पण हातोडा पुन्हा खोकला, आणि या वेळी त्याला उत्तर मिळालं. बाबांनी मूठ तोंडावर दाबली होती, तरी आवाज बोटांमधून निसटला. दोन ठसके, लांब श्वास, टोकाला शीळ. पाखराचा आणि माणसाचा, हुबेहूब एक. साऱ्या चहाखान्यानं तो ऐकला.

जिनकाकांचा हात खाली आला. “कधीपासून?”

“पाखराला विचार,” बाबा म्हणाले.

नियम मात्र नियमच राहिला. हातोड्याला पुन्हा इथं आणायचं नाही, एवढं जिनकाकांना म्हणावंच लागलं, जमिनीकडे बघत का होईना. शूवेननं पिंजरा उचलला. कापड तिनं घडी करून मानमानच्या पाठीशी खोवलं आणि हातोड्याला उघडाच, सगळ्यांच्या मधून, पुढच्या दारानं बाहेर नेलं. तो वाटभर घार ओरडत होता.

दवाखान्यात जायला बाबा तयार नव्हते. सर्दी आहे, उन्हाळा लागला की जाईल. शूवेननं विनवलं, रागावली, दाशानला फोनवर ओरडायला लावलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी तिनं बुटकं स्टूल आणून खोपटाच्या उंबऱ्याशी टाकलं. दाराशी, खाली, त्यांच्याकडे न बघता. हातात गरम पेजेचा वाडगा, तोंड बोरीकडे. आणि बोलत राहिली, मानमानच्या दाताबद्दल, कोळशाच्या भावाबद्दल. दोन दिवस गेले, वाडगा तसाच परत. तिसऱ्या सकाळी आतून आवाज आला.

“बाळाच्या अंगाला हात लावायचा तर तू तीनदा हात धुतेस. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला घरात ठेवलं असतंस?”

शूवेन बोरीकडेच बघत होती. खोटं बोलायची फार इच्छा झाली.

“तेव्हा नसतं ठेवलं, कदाचित,” ती म्हणाली. “आता ठेवणार आहे. तुम्हाला आवडो न आवडो.”

मग बाबा जे सुटले ते सुटलेच. उकळलेल्या वाट्या, फटींचे कागद, मुरंबा, तिच्या कॉलेजाचा उद्धार, तिच्या हातच्या अळणी शेवया, पाच महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. मधे मधे खोकत होते आणि खोकून झाल्यावर जिथं सोडलं तिथून पुढं चालू करत होते. शूवेन खाली मान घालून ऐकत होती आणि मनातून सुखावत होती. आदळआपट करतं ते जगतं. सगळं ओकून झाल्यावर त्यांनी पेजेचा वाडगा ओढून घेतला आणि विचारलं, “कुठला दवाखाना?”

छातीत पाणी झालं होतं. आणखी महिनाभर असेच राहिले असते तर, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य तिथंच सोडलं. बाबा दवाखान्यात पंचवीस दिवस होते. घरी आले ते खोपटात नाही, आतल्या खोलीत, मानमानच्या पाळण्याशेजारी. हातोडाही तिथंच. मंडळातल्या एकानं सुचवलं होतं की बाटलेलं पाखरू सोडून द्या नाही तर लांबच्या गावी कुणाला देऊन टाका. बाबांनी त्याऐवजी पिंजरा गल्लीच्या तोंडाशी, फाटकाबाहेरच्या खिळ्याला टांगायला सुरुवात केली, रोज सकाळी, जिनकाकांची फिरायची वेळ साधून. हातोडा तेरा बोल चोख म्हणतो आणि चौदाव्याला जिनकाकांच्या तोंडावर खोकतो. जिनकाका आताशा तो ऐकल्याशिवाय पुढे जात नाहीत. आत डोकावून विचारतात, हा खोकला पिंजऱ्यातला की खाटेवरचा?

शूवेनलाही तोच प्रश्न पडतो. बाबांचा खोकला गेला, पण पाखराचा जाणार नाही. त्यामुळं ठसका ऐकू आला की ती हातातलं काम टाकून उठते. आधी पिंजऱ्याकडे बघते, मग खाटेकडे. दिवसातून दहादा. त्यावरून बाबा कुरकुरतात, आणि ते कुरकुरले की ती परत कामाला लागते.

आता हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी काही चौदावा बोल काढणारा चंडोल नसणार, म्हणून शूवेनचं तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या माणसांपैकी हल्ली कुणाची कुरकुर थांबली आहे ते आठवा. पलीकडच्या खोलीत निजायला गेलेलं कुणी, अर्धंच जेवणारं कुणी, ज्याच्याबद्दल तुम्ही फोनवर सांगितलंत की छान निवळलेत म्हणून. त्यांच्या दाराशी जा. जरा खाली बसा, डोळ्यांत बघू नका, आणि ते चिडून बोलेपर्यंत उठू नका.