गुरुवारी, अकरा बेचाळीसला

गुरुपुष्यामृताला लोक सोनं घेतात. जयवंतीबाईंनी नातवंड बुक केलं होतं. डोंबिवलीच्या गुरुजींनी तीन पंचांगं उलटसुलट करून वेळ काढून दिली होती, गुरुवारी सकाळी अकरा बेचाळीस ते बारा वाजून सहा मिनिटं. या चोवीस मिनिटांत जो जीव जन्माला येईल तो कलेक्टर तरी होईल, नाहीतर अमेरिकेला तरी जाईल. दोन्ही जमलं तर गुरुजींची हरकत नव्हती.

जयवंतीबाईंचा मुलगा सिद्धेश हा नियोजनाचा माणूस. त्यानं लगेच तक्ता करून लॅमिनेट केला आणि जूचंद्रच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या फ्रिजवर चिकटवला. बुधवारी संध्याकाळी अॅडमिट. गुरुवारी अकरा बेचाळीसला सिझर. बारा दहाला व्हिडिओ कॉल. साडेबाराला पेढे. 'मिशन गुरुवार' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, त्यात सदतीस नातेवाईक होते. ज्या बाईचं पोट फाडायचं होतं, ती ऋतिकाही त्यात होती. तिला अॅडमिन मात्र केलं नव्हतं.

खरं म्हणजे पोट फाडायची गरजच नव्हती. पहिल्या खेपेला थोरली ज्ञानदा पायाळू होती, म्हणून सिझर झालं, त्याला आता पाच वर्षं झाली. या खेपेला बाळाचं डोकं खाली होतं, सगळं सुरळीत होतं. सातव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. तुला काय वाटतं, ऋतिका?" ऋतिकानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून जयवंतीबाई म्हणाल्या, "आम्हाला सिझरच वाटतं." तोंड उघडलेलंच राहिलं. घरी आल्यावर तिनं सिद्धेशला सांगून पाहिलं, की एकदा तरी मला स्वतःहून प्रयत्न करायचाय, माझ्या मनात फार आहे ते. सिद्धेशनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "कळतंय गं मला. पण गुरुजींना आता काय सांगायचं?" गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून बायकोच्या पोटावर सुरी चालवणारा इतका हळवा नवरा मिळायलाही नशीब लागतं.

मंगळवारी पहाटेपासूनच पोटात कळ येऊन जात होती. जयवंतीबाईंनी ओव्याचं पाणी दिलं. बाळंतकळा तक्त्यात नव्हत्या, तेव्हा हा गॅसच असणार होता. दुपारी शाळेतून ज्ञानदाला घेऊन त्या परस्पर निर्मळच्या देवळात गेल्या, गुरुवारचं सगळं वेळेवर होऊ दे म्हणून नारळ ठेवायला.

पावणेतीनला ऋतिका वाळलेले कपडे काढायला उठली आणि पाणी गेलं. पायाखालची फरशी ओली झाली. तिनं सिद्धेशला फोन लावला.

"पाणी गेलंय माझं. कळा येताहेत."

तो म्हणाला, "अगं, पण आज मंगळवार आहे."

तिनं सासूबाईंना लावला. मागे देवळाची घंटा वाजत होती.

"आत्ता निघू नकोस हं," जयवंतीबाई म्हणाल्या. "तीनला राहुकाळ लागतो, तो साडेचारपर्यंत. साडेचार वाजले की नीघ. तोवर पाय वर करून पड."

ऋतिका आयुष्यात कधी कुणाला उलट बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. तिनं फोन ठेवला, पिशवी घेतली आणि भिंतीला धरत खाली उतरली.

गेटवर गावातली पुतळाबाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिनं एकदाच वर पाहिलं.

"अगो बाय, तुला त कला सुरू झाल्यान! घरान कोन नाय?"

"गुरुवारी होतं..." ऋतिका कळवळत म्हणाली.

"कसला गुरुवार घेऊन बसलीस? माजी पाच झाली, एकानं पन वार नाय ईचारला मना. ए कल्पेश, रिक्षा फिरव!"

भाजीची टोपली वॉचमनच्या स्वाधीन करून पुतळाबाई तिच्याबरोबर रिक्षात बसली. दर खड्ड्याला ऋतिका तिचा दंड आवळायची आणि दर खड्ड्याला पुतळाबाई महानगरपालिकेचा उद्धार करायची. त्या वाटेवर दोघींना बरंच काम होतं.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "जवळजवळ सगळं उघडलंय. सिझर करायचं तर भूलतज्ज्ञ हवेत, ते खाडीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत. बाळाचे ठोके उत्तम आहेत. नॉर्मल होऊ शकेल. जुन्या टाक्यांना धोका असतो, कमी असला तरी असतो, तो मी लपवणार नाही. घरच्यांना विचारू या."

फोन स्पीकरवर टाकला. सिद्धेशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं द्या, आईला विचारून सांगतो."

"ऋतिका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तूच सांग."

ती भ्याली होती. ज्ञानदाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण शेजारच्या खुर्चीत आज कुणी नव्हतं.

"मला प्रयत्न करायचाय," ती म्हणाली. "कागद द्या, मी सही करते."

सही वेडीवाकडी झाली, पण तिची झाली. त्यानंतर ती इतकी ओरडली, की बाहेर बाकावर बसलेल्या पुतळाबाईनं समाधानानं मान हलवली. चार वाजून सात मिनिटांनी मुलगी झाली. राहुकाळ ऐन भरात होता. पोरीनं त्याची काडीइतकी पर्वा न करता भोकाड पसरलं.

सव्वापाचला, ज्ञानदाला शेजारी ठेवून, जयवंतीबाई आल्या, पाठोपाठ सिद्धेश आला. बाळ पाहून झालं, डोळे पुसून झाले आणि गुरुजींना फोन लागला. चार सात म्हटल्यावर गुरुजी गंभीर झाले. चार एकतीस असतं तर पत्रिका निभावली असती, म्हणाले. जयवंतीबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर रजिस्टर घेऊन उभीच होती, वेळेचा रकाना अजून भरायचा होता.

"चार एकतीस लिही गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाचं काय जातंय?"

"चोवीस मिनिटांनी काय फरक पडतो, ऋतू?" सिद्धेश म्हणाला.

ऋतिकाचा आवाज ओरडून ओरडून बसला होता, त्यामुळे ती हळूच बोलली.

"तुम्हाला नाही पडणार. तुम्ही कुणी नव्हतात तिथे, मी होते. सिस्टर, चार वाजून सात. लिहा."

सिस्टरनं लिहिलं. सिद्धेशनं ग्रुपवर टाकायला फोन काढला, काय टाकावं ते सुचेना, म्हणून परत खिशात घातला. जयवंतीबाईंनी रजिस्टरमधला तो आकडा एकदा वाचला. मग त्या खुर्ची ओढून कॉटपाशी बसल्या आणि खालमानेनं म्हणाल्या, "फार दुखलं का गं?"

नऊ महिन्यांची उत्तरं ऋतिकाच्या जिभेवर तयार होती, एकाहून एक झोंबणारी. पण या बाईनं आपल्याला काही विचारलं आणि उत्तरासाठी थांबली, हे इतकं नवीन होतं, की तिला रडूच आलं.

"हो," ती म्हणाली. "फार दुखलं."