पिचकारीबाई

हिरव्या पडद्यामागे ललिता प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसली होती. तक्रार करणाऱ्याचं नाव कायद्याने गुप्त ठेवायचं, म्हणून चौकशीच्या खोलीत हा पडदा. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

दोन वर्षांमागे ती अकोल्यात डॉक्टर केशवरावांच्या दवाखान्यात आया होती. सुईला भिणाऱ्या पोरांना ती सांगे, "पिचकारी हाय रे लहानशी." त्यावरून डॉक्टर तिला पिचकारीबाई म्हणून चिडवत. तिथे वापरलेल्या सिरिंजा धुऊन पुन्हा पाकिटात भरत. पातूरची एक बाळंतीण तापाने फणफणून दगावली, तेव्हा ललिताने नाव न सांगता तक्रारीच्या नंबरवर फोन केला. कुण्या साहेबाने ते रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवलं. पिचकारी म्हणणारी बाई अख्ख्या दवाखान्यात एकच! मग तिच्या पिशवीत कापसाचे गठ्ठे 'सापडले'. चोरटी म्हणून हाकलताना डॉक्टर तिच्या कानाशी म्हणाले, "पिचकारी कोनावर उडवली वो?"

ते ऐकायला साक्षीदार नव्हता. अकोल्यात तिला कुणी दारात उभं करेना. अमरावतीला राजापेठेत शिकवणीवर्गांचे जिने पुसता पुसता ती एकच शब्द घोकत राहिली. मुलगी पिंकी विचारायची, "माय, काहून बडबडून राहिली?" ललिता सांगायची नाही. सूड मुकाट्याने पिकू द्यावा लागतो.

आज अखेर अकोल्यात त्या तक्रारीची चौकशी होती आणि पडद्यापलीकडे केशवराव ठासून सांगत होते, की तक्रार कोणी केली ते त्यांना आजही ठाऊक नाही. त्या आयाला चोरीपायी काढलं. मग अधिकारी रागिणी मॅडमनी पडद्यामागच्या बाईला बोलायला सांगितलं.

ललिता बोलली. वापरलेली सिरिंज. धुतलेली सिरिंज. मास्तरणीसारखं शुद्ध. केशवराव खाकरले, त्यांची खुर्ची करकरली. तिने आणखी चार वेळा सिरिंज म्हटलं.

"मोठी शहाणी झाली," शेवटी त्यांना राहवलं नाही. "आता सिरिंज म्हणून राहिली. फोनवर तं पिचकारी पिचकारी करे."

तो फोन तुम्ही कधी ऐकलात, असं मॅडमनी शांतपणे विचारलं. केशवरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ललिताने पडदा सारला. ते तोंड तिला पोटभर पाहायचं होतं.

"नाव लिवा, मॅडम," ती म्हणाली. "ललिता. आता लपवू नका."

परतीच्या एसटीत शेजारचं लेकरू रडत होतं. त्याला सुई द्यायला नेते आहे, असं त्याची आई म्हणाली. ललिता त्याच्याकडे झुकली.

"रडू नको, बाळा. सिरिंज हाय लहानशी."

लेकरू आणखीच रडायला लागलं.