उसना गिअरबॉक्स

मला बसवत नव्हतं. पाहुण्यांच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या, फौजेचे बडे अधिकारी यायच्या बेतात होते, आणि मी हँगरच्या दारात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. समोर सातवं हेलिकॉप्टर धुऊनपुसून तयार. ते आज फौजेच्या ताब्यात गेलं नाही तर उरलेली ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे जाणार, हे ऐकवून डायरेक्टरांनी सकाळपासून डोकं उठवलं होतं. ही हेलिकॉप्टरं वेळेवर बाहेर काढायची जबाबदारी माझी.

त्यात भर म्हणजे, ते उडवून पारखायला फौजेनं पाठवलेला पायलट माझा जावई. कारखान्यात तो मला 'सर' म्हणतो, मी त्याला 'कॅप्टन', आणि दोघंही मनातून ओशाळतो.

"सर, जरा बसा ना," तो हेल्मेट काखेत धरून म्हणाला. "तुम्हाला बघून मलाच धडधडायला लागलंय."

"तू तुझं बघ!" मी खेकसलो. मग बायकोचे वटारलेले डोळे आठवले. "म्हणजे, या तुम्ही. सावकाश उडवा."

तो हसत निघून गेला. माझी नजर स्टेजच्या पायरीकडे गेली. पायरी म्हणून सुताराने एक रिकामं लाकडी खोकं ठेवून वर गालिचा टाकला होता. खोकं ओळखीचं होतं. शेपटीच्या पंख्याचा गिअरबॉक्स त्यातून येतो. पाचव्या हेलिकॉप्टरनंतर पुरवठादारानं आमच्या तोंडाला पानं पुसली, तेव्हा मीच युक्ती काढली. चाचण्यांसाठी बनवलेली हेलिकॉप्टरं कोपऱ्यात उभी होती, त्यांचे गिअरबॉक्स काढून नव्यांना बसवायचे. हँगरमध्ये याला सगळे उसनवारी म्हणत आणि हसत.

पण नवे नट त्या खोक्यातच येतात. गिअरबॉक्स शेपटीला धरून ठेवणारे ते नट एकदा सोडले की त्यांची पकड जाते, ते फेकूनच द्यायचे असतात. आणि उसना गिअरबॉक्स खोक्याशिवाय आला होता.

आमच्या फोरमनला सगळा कारखाना मामा म्हणतो. त्यांना गाठलं.

"मामा, सातव्याला नट कुठले लावलेत?"

"गिअरबॉक्सबरोबर काढले तेच की. पिशवीत बांधून ठेवले होते, एक हरवू दिला नाही." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा."

"तपासणाऱ्यानं काय बघितलं?"

"घट्ट आहेत का ते. घट्ट होतेच."

मी धावत सुटलो. पंखा फिरायच्या आत हात हलवत हेलिकॉप्टरसमोर उभा राहिलो. डायरेक्टर मागून धापा टाकत आले. "जावयासाठी थांबवलंत म्हणतील लोक!"

"म्हणू देत. त्याच्यासाठीच थांबवलंय."

झाकण उघडलं. मामांनी पहिला नट पान्यानं जेमतेम सैल केला, पुढे तो नुसत्या बोटांनी फिरत गेला; नव्याला शेवटपर्यंत पाना लागतो. पाहुण्यांना तांत्रिक अडचण सांगून चहावर बोळवलं.

"नवे नट मागवा, उद्या देऊ," ऑफिसात डायरेक्टर म्हणाले. "बोभाटा नको."

दारातून मामा हळूच म्हणाले, "साहेब, सहाव्यालाही उसनाच होता."

"सहावं आपलं राहिलेलं नाही. सही झालीय."

सहावं दिलं त्या दिवशी मी पहिल्या रांगेत आरामात बसून बिस्किटं खाल्ली होती. ते कोण उडवणार, हे विचारावंसंही वाटलं नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली. तोही कुणाचा तरी जावई असेल. मी फोन ओढला.

"फोन केलात तर आपलं दुकान बंद," डायरेक्टर म्हणाले. मी फौजेच्या तळाचा नंबर फिरवला.

"सहावं ना? ते आत्ताच उडालं, सर," पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला.

"उतरवा त्याला. लगेच. शेपटीचे नट जुने आहेत. चूक आमची आहे."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. कुणाला तरी हाका मारत तो पळाला. मग नुसती खरखर.

मामांच्या मागून आत आलेल्या जावयानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बाबा, बसा."

मी फोन कानाला लावून उभाच राहिलो.