यात्रेच्या दिवशीची नोंद

"हे माह्या बापाचं अक्षर हाय मॅडम," बकाराम म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं की हे सांगायला नको होतं.

तालुक्याच्या कचेरीतल्या त्या खोलीत पंखा होता, पण जुने कागद उडतात म्हणून तो बंद ठेवायची पद्धत होती. मे महिना होता, सकाळचे अकरा वाजले होते. तिथल्या कारकून रुचिका मॅडमनी लाल फडक्यात बांधलेला बस्ता सोडला, पदराने नाक झाकलं आणि वरचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. कोतवाल बुक, मौजा कवठाटोला, सन १९६६. त्या काळी गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची नोंद गावचा कोतवाल ठेवायचा. बकारामचा बाप कोतवाल होता, चौथी पास होता, आणि या दोन्ही गोष्टींचा तोरा त्याने मरेपर्यंत उतरवला नाही. बापामागून बकाराम कोतवाल झाला. छत्तीस वर्षं त्याने गावात दवंडी दिली. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर त्याचा आवाज तळ्याच्या पलीकडल्या पाळीवर ऐकू जायचा, असं लोक म्हणत. तो स्वतः तर रोजच म्हणायचा.

"कोणता महिना काका?"

"शिवरात्रीचा. परतापगडच्या यात्रेचा दिवस."

"आणि नाव?"

"शकुंतला. बाप निताई मंडल." थोडं थांबून तो म्हणाला, "माही बायको हाय. भायेर बसली हाय."

शकुंतलाबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी होती. त्या पिशवीत दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या, एक कंगवा आणि स्टीलचा पेला होता. नोटीस आली त्या दिवशी तिने ती भरली आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली. बकाराम रोज सकाळी पिशवी रिकामी करायचा, लुगडी पेटीत ठेवायचा, पेला मांडणीवर ठेवायचा. दुपारपर्यंत पिशवी पुन्हा भरून खुंटीला दिसायची. 

नोटिशीत तेवीस नावं होती. तिचं एकोणिसावं. दोन वर्षांपूर्वी काढलेला उशिराचा जन्मदाखला रद्द झाला होता, आणि जन्म याच देशात झाला याचा जुना पुरावा घेऊन येत्या गुरुवारी सुनावणीला हजर राहायचं होतं. पुरावा नसला तर मतदार यादीतून आणि राशन कार्डातून नाव जाणार, एवढं कागदावर होतं. त्यानंतर काय, ते कागदावर नव्हतं, म्हणून लोक बोलत होते. कोणी म्हणे गाडी येते. कोणी म्हणे सीमेवर नेऊन सोडतात. साठ वर्षांच्या बाईला कोणत्या सीमेवर सोडणार, हे बकारामला रात्रंदिवस कळत नव्हतं.

आणि या सगळ्याची सुरुवात त्याच्याच तोंडाने झाली होती. आग लागो त्या तोंडाला, असं तो आता स्वतःच म्हणत होता.

ते असं झालं. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडा झाला, बुंदी वाटून झाली, आणि सरपंच योगराजने विषय काढला. तळ्याच्या पाळीवर ताडपत्र्या टाकून सात घरं राहायला आली होती. मासे धरायची, विकायची. कोणी म्हणे ती ओडिशाची, कोणी म्हणे थेट बांगलादेशची. त्यांनी रहिवासी दाखला मागितला होता.

"देऊ काय?" योगराजने विचारलं. "तुमीच सांगा. आपल्याच पोट्ट्यायले काम भेटून नाई राहिलं. देशात जागा हाय कुठं?"

"मोबाइलवर पाहा ना भाऊ," दुकानवाला दुलीचंद उठला. "मोठमोठे देश लोकायले विमानात बसवून वापस धाडून राहिले. आन आपुनच कायले धर्मशाळा उघडून बसाचं?"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने मंगली बोलली. ती जंगलकाठच्या आदिवासींच्या टोलीवरची. ग्रामसभेत ती वर्षातून एकदा बोलायची आणि वर्षभराचं बोलायची.

"जागेची गोष्ट आमाले नोका सांगू. हे जंगल आमचं होतं. तुमचे आजे-पणजे आले तवा आमी दाखला मांगला होता काय?"

लोक हसले. योगराजही हसला. "ते येगळं हाय मंगलीबाई. ते जुनं हाय."

"मंग हे बी जुनं होईल. थांबा थोडसे."

आता हसायचं की नाही, हे लोकांना कळेना. सभा अशी अडली की आपल्याकडे बघतात, अशी बकारामची समजूत होती. तो उठला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि दवंडीच्या आवाजात बोलला, "कायले भांडता? कोतवाल बुकात ज्याचं नाव, ज्याच्या बापाचं नाव, तो गावचा. ज्याचं नाई, तो भायेरचा. माह्या बापानं बुक लिवलं. एक खोटं नाव नाई टाकलं त्यात. सोपं हाय!"

काय टाळ्या पडल्या! योगराजने तिथेच ग्रामसेवकाकडून ठराव लिहून घेतला, बकारामच्या शब्दांत, पहिली सही बकारामची घेतली आणि ठराव तालुक्याला धाडला. घरी येऊन तो दोनदा भात मागून जेवला. शकुंतलाबाई बायकांत मागे बसली होती, तिने टाळी वाजवली नव्हती आणि ती वाढताना एक अक्षर बोलली नव्हती, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ती कॅम्पातली आहे हे तो इतकं विसरून गेला होता. विसरणं चांगलंच, पण अशा दिवशी आठवायला हवं होतं.

कॅम्प म्हणजे गावाच्या उत्तरेचं माळरान. साठेक वर्षांपूर्वी तिकडून, पूर्व बंगालातून, आलेल्या कुटुंबांना सरकारने तिथे तंबू दिले. शकुंतलाची आई पोटुशी आली. आठ दिवसांनी शिवरात्र होती. जवळच्या परतापगडच्या यात्रेला निघालेल्या बैलगाड्या कॅम्पासमोरून जात होत्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं वाजत होती, आणि तंबूत मुलगी जन्मली. निताई मंडल दुसऱ्या दिवशी कोतवालाकडे नोंद करायला आला. बकारामचा बाप त्याला म्हणाला, "क्याम्पाचं क्याम्पात लिवा. हे गावचं बुक हाय." कॅम्पाचं ऑफिस चार वर्षांनी उठलं, त्याचे कागद कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. शाळेच्या दाखल्यावर शकुंतलाबाईच्या जन्मठिकाणी नुसतं ‘कॅम्प’ लिहिलेलं होतं. कोणता कॅम्प, कुठल्या देशातला, असं नोटीस आल्यावर तालुक्याच्या साहेबाने विचारलं. मग तोच साहेब समजुतीने म्हणाला, "तुमच्याच गावाचा ठराव आहे बाबा. कोतवाल बुकातली नोंद आणा. पहिली सही तुमचीच दिसते."

बापाने ‘क्याम्पाचं क्याम्पात लिवा’ म्हटल्याची गोष्ट बकारामने बापाच्याच तोंडून पन्नास वेळा ऐकली होती. बाप ती फुशारकीने सांगायचा. तरी तो आज आला होता, कारण बाप फुशारकीत पुष्कळ खोटं बोलायचा. वरून कडक बोलून, मागून लिहून ठेवलं असेल. माणूस तसा वाईट नव्हता. शेवटच्या आजारात तो फक्त शकुंतलाच्या हातचं पाणी प्यायचा. एवढ्या एका धाग्यावर बकाराम पहिल्या बसने इथवर आला होता.

त्याने जानेवारीची पानं उलटली. फेब्रुवारी आला. बापाचं अक्षर मोठं, गोल, उजवीकडे चढत जाणारं. हेच अक्षर गिरवून तो लिहायला शिकला होता. बोट खाली खाली सरकत गेलं. एक मुलगा. एक म्हातारी वारली. एक मुलगी, दोन दिवसांत वारली. मग शिवरात्रीची तारीख आली आणि त्याचं बोट तिथे थांबलं.

मुलगा. नाव रेवाराम.

रेवाराम म्हणजे त्याच्या शेजारचाच. याच दिवशी जन्मलेला. दरवर्षी यात्रेला जाताना तो शकुंतलाला म्हणायचा, "वहिनी, तुमी आन मी एकाच दिवसाचे." त्याच्या घरापासून कॅम्पापर्यंत मध्ये फक्त एक नाला होता.

रेवारामच्या खाली काही नव्हतं. बाप नवा महिना नव्या पानावर सुरू करायचा, म्हणून तो महिना तिथेच संपला होता. बकारामने खालच्या ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. लाल शाईने आखलेल्या नऊ ओळी कोऱ्या होत्या.

"नाही ना?" रुचिका मॅडमनी विचारलं.

त्याने मान हलवली. तिने एक छापील कागद ओढला, नाव घातलं, ‘नोंद आढळून आली नाही’ असं लिहून शिक्का मारला. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती उठली. "मी पाणी घेऊन येते काका. बसा तुम्ही." पेन टेबलावर तसंच राहिलं.

बकाराम त्या पेनाकडे पाहत राहिला. छत्तीस वर्षांत त्याने सरकारी कागदाला खोटा हात लावला नव्हता. पण हे अक्षर त्याच्या हातात होतं. रेवारामच्या खाली एक ओळ, बास. शाई नवी दिसली असती. दिसली तर दिसू दे, जेलात टाकतील, मला टाका, तिला राहू द्या. त्याने पेन उचललं. बापाचा ‘श’ कसा वळायचा ते त्याने हवेत एकदा काढून पाहिलं आणि टोक कागदाजवळ नेलं.

"काय करून राहिले?"

दारात शकुंतलाबाई उभी होती.

"लिहून राहिलो," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं. "तुहं नाव लिहून राहिलो. तू जाय, भायेर बस."

ती आत आली. तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं.

"आता कायले? तवा लिवाले पायजे होतं."

"माहा बाप हलकट होता."

"त्याईले नोका बोलू. तुमी काय बोलले सभेत?"

चार महिने ती हे बोलली नव्हती, आणि आता बोलली तेही आवाज न चढवता. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"चुकलो," तो म्हणाला. "मले वाटलं, त्या पाळीवरच्या लोकायची गोष्ट चालू हाय."

"आमी बी पाळीवरचेच होतो."

ती बाकड्यावर टेकली आणि पुस्तकात डोकावली. "जागा होती?"

"होती. नऊ ओळी."

"दाखवा."

त्याने दाखवलं. तिने कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं, चुलीवर तवा तापला का पाहावं तसं हलकेच. मग म्हणाली, "वाचा."

"काय वाचू? कोरं हाय."

"मले चष्म्याबिगर दिसत नाई. तुमी वाचा."

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता. बकाराम उभा राहिला. बसून वाचायची त्याला सवयच नव्हती.

"तारीख शिवरात्रीची," तो म्हणाला. "मुलगी. नाव शकुंतला. बाप निताई मंडल. राहणार..."

तिथे तो अडला. शकुंतलाबाई वाट पाहत राहिली. रुचिका मॅडम पाण्याचा पेला घेऊन दारात थांबली होती.

"राहणार?" शकुंतलाबाईने विचारलं.

"राहणार कवठाटोला!" बकाराम म्हणाला, आणि ते दवंडीच्या आवाजात निघालं. बाजूच्या खोलीतले दोन कारकून बघायला आले. रुचिका मॅडमनी त्यांना हातानेच परत पाठवलं.

शकुंतलाबाईने डोळे पुसले, पदर सारखा केला. शिक्क्याचा कागद उचलून तिने चार घड्या घातल्या आणि पिशवीत लुगड्यांच्या वर ठेवला. मॅडमनी दिलेलं पाणी ती अर्धं प्यायली, अर्धं तिने नवऱ्याला दिलं. बकारामने कोतवाल बुक बंद केलं, बस्ता आपल्या हाताने बांधला, गाठ नीट बसली का ते पाहिलं.

बाहेर ऊन भाजत होतं. बस दीडची होती. कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. आज त्याने ती उघडली नाही. खांद्याला अडकवली.

"घरी गेल्यावर माहे बी कपडे टाकजो यात," तो म्हणाला. "एक धोतर, एक बंडी."

"तुमचं नाव हाय ना बुकात."

"हाय. मी काय बुकात राहतो?"

तिने त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. "लहान हाय पिशवी," मग म्हणाली.

"दाबून बसवू."

फाटकापाशी कडुनिंबाची थोडी सावली होती. दोघं तिथे बसची वाट पाहत उभी राहिली.