सलूनच्या काचेतलं गिधाड

झुलपेकाकांचं डोकं ही त्या बाजारपेठेतली एक प्रेक्षणीय वस्तू होती. कपाळावर रुळणारी काळीभोर झुलपं, मागे मानेपर्यंत उतरलेला दाट कारभार. साठी गाठली तरी पांढरा केस शोधायला भिंग लागावं. सलूनच्या आरशाखाली त्यांनी स्वतः बनवलेल्या केशवर्धक तेलाच्या बाटल्या मांडलेल्या असत. गिऱ्हाइकाने शंका काढलीच तर काका नुसती मान हलवत. झुलपं हलत आणि बाटली खपे.

आता खरं सांगायचं तर ती झुलपं टोपाची होती. हे जगात दोघांनाच ठाऊक, अशी काकांची समजूत होती: एक ते स्वतः आणि दुसऱ्या काकू. सुट्टीच्या दिवशी काकू टोप धुऊन पालथ्या पातेल्यावर वाळत घालत आणि काका पडदे ओढून घरात बसत. "एवढं स्वतःच्या केसांना जपलं असतंत तर तेच टिकले असते," असं काकू म्हणत. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे त्या मुठीवर तेलाचा अख्खा धंदा उभा होता.

अशात अभयारण्याच्या बाई व्यापारी मंडळात आल्या. जंगल काय आम्ही एकट्याने सांभाळायचं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक दुकानाने एकेक प्राणी दत्तक घ्यावा, त्याचं चित्र दर्शनी काचेत लावावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्याबद्दल सांगावं. कुणाला कोण, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. मंडळाचे अध्यक्ष सराफ होते आणि त्यांना वाघ निघाला. कसा निघाला ते विचारू नये. गाद्या-उशांच्या दुकानाला रात्रभर जागणारं घुबड निघालं. चपलांच्या दुकानाला साप निघाला तेव्हा तर सभा पोट धरधरून हसली.

मग झुलपेकाकांनी चिठ्ठी उघडली. गिधाड.

बाईंनी चित्र वर धरलं. भलंमोठं, वाकड्या चोचीचं आणि डोक्यावर नावालाही पीस नसलेलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांना एकदम छताचा पंखा बघण्यासारखा वाटू लागला. काकांचा हात मात्र झुलपांकडे गेला. चोराच्या मनात चांदणं! गिधाडाचं टक्कल बघितलेला माणूस दुसऱ्या क्षणी आपलं डोकं बघणार, आणि निरखून बघणार.

त्यांनी चित्र काचेत लावलं, पण डोक्यासमोर तेलाच्या बाटल्यांची भिंत उभारून. दोन दिवसांनी बाई आल्या आणि बाटल्या बाजूला करू लागल्या.

"अहो काका, डोकंच झाकलंत? ते तर महत्त्वाचं! मेलेल्या जनावरात मान खुपसून खायचं असतं त्याला. तिथे पिसं असती तर सगळी घाण चिकटून राहिली असती. पोट भरलं की चक्क आंघोळ करतो हा पक्षी."

"आंघोळ करतो?" काकांनी पहिल्यांदाच चित्राकडे नीट पाहिलं.

"नेमाने. आणि हे नसतील तर मेलेली गुरं रानात कुजत पडतील. पण दुखणाईत जनावराला एक इंजेक्शन देतात ना, ते जनावर मेलं आणि यांनी खाल्लं, की यांची मूत्रपिंडंच जातात. मादी वर्षाला एकच अंडं घालते. कसे पुरायचे?"

बाई गेल्यावर काका बराच वेळ काचेपाशी उभे राहिले. लोकांनी टाकलेलं साफ करायचं, स्वतः स्वच्छ राहायचं आणि वर नावं ठेवून घ्यायची. हा तर आपल्याच धंद्यातला निघाला! त्यांना त्या पक्ष्याची खरोखर दया आली.

त्या दिवसापासून सलूनमध्ये प्रचार सुरू झाला. गाई-म्हशीवाला दाढीला बसला की वस्तरा बरोबर कंठापाशी आणून काका थांबत आणि गोड आवाजात विचारत, "मग जनावराला ते इंजेक्शन देणार नाही ना?" अशा वेळी शहाणा माणूस वाद घालत नाही. गिऱ्हाईक श्वास रोखून "ऊं" करी आणि काका तो होकार धरत.

एक गडी तेवढा बधेना, तो म्हणजे जनावरांच्या औषधाचा दुकानदार, काकांचा लहानपणापासूनचा दोस्त. ते इंजेक्शन त्याच्याच कपाटातून गावभर जायचं.

"काप गळा," खुर्चीत आरामात पडून तो म्हणाला. अर्धी दाढी झाली होती. बाकावर सराफ, चपलावाला आणि दोन गवळी नंबर लावून बसले होते. "तुझ्या शब्दावर मी माल बंद करू? तू तर तेलाने केस येतात असंही सांगतोस. तुझे आले का? खरं सांग, मग तुझं गिधाडही खरं मानीन."

काकांनी बाटल्यांकडे पाहिलं. 'हो' म्हटलं तर धंदा वाचत होता. 'नाही' म्हटलं तर तो या खुर्चीतच संपत होता, शिवाय उद्यापासून बाजारात तोंड दाखवायची सोय नव्हती. मग त्यांची नजर काचेकडे गेली. ते बिचारं उघड्या डोक्याने रस्त्याकडे बघत होतं.

काकांनी वस्तरा ठेवला आणि दोन्ही हातांनी टोप उचलला.

कुणीही दचकलं नाही.

"अरे, काहीतरी बोला!" काकाच ओरडले.

"काय बोलायचं?" सराफ म्हणाले. "वारा सुटला की सगळा बाजार दुसरीकडे बघतो. सवय झालीय आता."

"बंद केलं इंजेक्शन," औषधवाला म्हणाला. "त्याच्या बदली निर्धोक औषध मिळतं, ते ठेवीन."

"आणि तू तेल का नेत होतास रे दर महिन्याला?"

"दुकानाच्या शटरला घालतो. कुरकुर पार थांबली."

काकांना हसू आलं आणि रडूही आलं. संध्याकाळी टोप पिशवीत टाकून ते भर बाजारातून बोडक्याने घरी गेले. दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी डोक्याकडे पाहिलं, पण कपाळाला हात लावला नाही.

"इंजेक्शन बंद झालं," काका म्हणाले. "आणि अगं, हे सगळ्यांना ठाऊक होतं! इतकी वर्षं एकजण हसला नाही."

"हसतील कसे? तुम्ही पहिल्यांदा टोप घातलात ना, त्याच दिवशी दुकान न् दुकान फिरले होते मी. हात जोडून सांगितलं एकेकाला."

काकांनी टोपाची पिशवी काकूंच्या हातात दिली. मग त्यांनी विचारलं, "सराफालाही?"

"त्याला तर दोनदा सांगावं लागलं."