लुंबिनीच्या बदल्यात आलेली

आसना क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आनंदराज यांना फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं, की चेंडू गोल असतो आणि बक्षीस देताना तोंड फोटोवाल्याकडे करायचं असतं. हे मत विशाखाचं. ते तिने मनात ठेवलं असतं तर ती आजही नांदेडच्याच संघात असती. पण मनात ठेवणं हा प्रकार तिला कधी जमलाच नव्हता. समारंभात तिला लीगमधली सगळ्यात चांगली मिडफिल्डर म्हणून स्टेजवर बोलावलं, हातात माइक दिला, आणि ती म्हणाली, "आभार. आता अध्यक्षसायबांला कुणीतरी ऑफसाइड समजावून सांगा. पंचांला शिव्या देताना तेवढीच मदत होईल."

पाहुणे हसले. अध्यक्षही हसले. आठ दिवसांनी तिच्या हातात 'ना हरकत' पत्र पडलं. लातूरच्या तावरजा क्लबची एक खेळाडू नांदेडला येणार होती आणि तिच्या बदल्यात विशाखा लातूरला जाणार होती.

एका भाषणाने हे झालं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. गेल्या हंगामात उपांत्य सामन्यात ती सगळ्यांदेखत कमरेवर हात ठेवून मैदानाच्या मधोमध उभी राहिली होती. विंगेवरची पोरगी तिसऱ्यांदा चेंडू बाहेर घालवून बसली, तेव्हा विशाखाने जाहीर केलं की आता या पोरीने माफी मागितल्याशिवाय आपण पळणार नाही. अध्यक्षांच्या पुतणीला तर तिने वर्षभरात चार पास दिले होते, आणि त्यातले दोन चुकून. पास जिथे पडायला हवा तिथे ती डोळे मिटून टाकू शकत होती. तिथे कुणी पोचत नसेल तर तो पोचणाऱ्याचा दोष, असं तिचं साधं गणित.

संघातल्या एकीनेही तिला निरोप दिला नाही. एकीने मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, तेवढंच.

वडील ग्यानोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पत्र वाचून म्हणाले, "विशू, माझ्या सात बदल्या झाल्या. मुखेडला गेलो, लोह्याला आलो. एकदाबी कुण्या सायबाला गाढव म्हणलो न्हाई."

"म्हणायला पाहिजे होतं, पप्पा."

"अन् मग आठवी बदली कुठं करून घेऊ?"

विशाखाने बॅग भरली. पोलीस भरतीचा अभ्यास चालू होता, तो लातूरला बसूनही होणार होता. खरं तर तिला वाईटापेक्षा मजाच वाटत होती. लातूरला पोरं ट्यूशनला जातात, फुटबॉलला कोण जातं? तिथल्या लोकांनी आपल्याला मागून घेतलंय म्हणजे त्यांची अवस्था काय असेल, याचा विचार करत ती अहमदपूरपर्यंत एस.टी.त खिडकीशी हसत होती. स्टँडवर कुणीतरी घ्यायला येईल, निदान क्लबचा एखादा पदाधिकारी तरी, असं तिला वाटलं होतं.

घ्यायला आली ती दीपाली. सव्वीसेक वर्षांची, बसकी, रुंद खांद्यांची, स्कूटीला दोन्ही बाजूंनी डब्यांच्या पिशव्या लटकवलेली. ती आणि तिची आई रुक्मिणबाई मिळून ट्यूशनच्या पोरींसाठी मेस चालवत. विशाखाची राहायची सोय त्यांच्याकडेच होती.

"तूच ना लुंबिनीच्या बदल्यात आलेली?" दीपालीने विचारलं.

"लुंबिनी कोण?"

"आमची गोलकीपर. तिला नांदेडच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. जाणारच होती. सर म्हणले, रिकामी कामून सोडायची, बदल्यात काय देतात ते बघू." विशाखा स्कूटीवर मागे बसली तशी दीपालीने एक पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "ही धर नीट. वरण हाय त्यात."

विशाखा वरणाचे डबे सांभाळत लातुरात शिरली. आपल्याला कुणी मागितलंच नव्हतं. आपण भंगारवाल्याकडच्या पातेल्यासारखे बदल्यात आलो, हे तिच्या घशाखाली उतरायला तयार नव्हतं.

सकाळी सहाला सराव. मैदान मुरमाचं, पडलं की गुडघ्याचं सालटं निघणार. सिद्रामप्पा सर निवृत्त क्रीडाशिक्षक, निलंग्याकडचे. बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि कुणाला कळलं नाही तरी त्यांना फरक पडायचा नाही. त्यांनी विशाखाची ओळख एका वाक्यात उरकली. पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि लगेच लुंबिनीचा विषय निघाला. लुंबिनी कशी उडी मारायची, पेनल्टीच्या वेळी कशी हसायची, पावसाळ्यात सगळ्यांसाठी कशी भजी आणायची.

विशाखाने अर्ध्या तासात संघ तोलला. पुढची पोरगी शिवकन्या वेगाने पळते, पण चेंडू विसरून पळते. नवी गोलकीपर चेंडू आला की आधी डोळे मिटते. आणि उजव्या बाजूला दीपाली. दीपाली पळते हे कुणी सांगितलं तरच कळावं.

पहिला सामना परभणीच्या संघाशी झाला. विशाखाने तिला येत होतं ते सगळं केलं. दोन बॅकच्या मधून चेंडू सरकवला, डोक्यावरून टाकला, उजव्या कोपऱ्यात असा सोडला की बघणाऱ्यांनी वा म्हणावं. तिथे कुणीच नसायचं. दर वेळी ती हात पसरून उभी राहायची आणि जिला तिला गाढव म्हणायची. विसाव्या मिनिटाला तिने शिवकन्येला विचारलं, की तू पायांनी खेळतेस का नुसती दांडीवर वाळत घातल्यासारखी लटकून राहतेस.

पंचविसाव्या मिनिटाला सरांनी तिला बाहेर घेतलं.

"कामून सर? चुकते कोण अन् बाहेर कोण?"

"साकू अव्वा. बस झालं. पाणी पी." सर पुन्हा मैदानाकडे बघू लागले. ते रागावलेही नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं. नांदेडला तिला बाहेर काढताना निदान चार लोक ओरडायचे.

लातूर दोन-शून्यने हरलं. सरांनी वहीत दोन्ही गोल लिहिले, आणि प्रत्येकापुढे जिची चूक तिचं नाव. दुपारी मेसमध्ये ट्यूशनच्या पोरी पुस्तकं मांडीवर ठेवून जेवत होत्या. विशाखा कोपऱ्यात बसली. दीपालीने तिच्या ताटात भाजी वाढली आणि समोर बसली.

"तुझा पास चांगला हाय," ती म्हणाली. "पण माझ्यापासून दहा पावलं पुढं पडतो."

"तर मग दहा पावलं पळ की."

"न्हाई पळता येत. चार वर्षांखाली गुडघा गेला. डॉक्टरनं खेळूच नको म्हणलं होतं."

"मग खेळून कामून राहिलीस?"

"आवडतं म्हणून."

विशाखाने तिच्याकडे असं बघितलं जसं एखाद्या माणसाने आपल्याला पोहता येत नाही पण बुडायला आवडतं म्हणून सांगावं. येत नसलेली गोष्ट आवडते म्हणून करणं, आणि वर ती चारचौघांत करणं, हे तिच्या समजुतीपलीकडचं होतं. रुक्मिणबाई भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घे बाई अजून. रागात पोट भरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरावाला तिने सूड उगवायचं ठरवलं. ही चालते ना, तर हिला चालतच देऊ. सगळ्यांना दिसू दे हिला काय लायकीचा पास लागतो ते. तिने चेंडू अगदी हलका, लहान लेकराला द्यावा तसा, दीपालीच्या उजव्या पायाशी नेऊन ठेवला आणि ओरडली, "घे बाई, ताटात वाढला. आता भरवू का?"

दीपालीला पळावं लागलं नाही. तिने मान वर केली, बघितलं आणि पाय फिरवला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून वळत गोलसमोर उतरला, सवयीने पुढे पळालेल्या विशाखाच्या नेमक्या पुढ्यात. विशाखा इतकी चकित झाली की तिने तो बाहेर मारला.

"गाढव," दीपाली शांतपणे म्हणाली. पोरी खाली बसून हसल्या.

विशाखाने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा तसाच पास दिला. पुन्हा तसाच क्रॉस आला. दहा वेळा दिला, त्यातले आठ क्रॉस असे आले की नांदेडला तसा एकही कुणी मारला नव्हता. या बाईला वर्षानुवर्षं सगळ्यांनी पळायला लावलं होतं, त्यामुळे उभी राहून ती काय करू शकते हे कुणी बघितलंच नव्हतं. सर दोरीच्या बाहेर उभे होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. शिकवल्याचं श्रेय आता हे घेणार, विशाखाच्या मनात आलं. पण सरांनी वही मिटली आणि ते गोलकीपरकडे निघून गेले.

त्यानंतर लातूरने पाच सामन्यांत तीन जिंकले. विशाखा काही सुधारली वगैरे नाही. ती दीपालीला हळू पास द्यायची तो कीव म्हणून, शिवकन्येला पुढे टाकायची तो 'पळ, तुला दुसरं येतं काय' म्हणून, आणि नव्या गोलकीपरला प्रत्येक हाफटाइमला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता विचारायची. प्रत्येकीला तिच्या लायकीचा पास द्यायचा, एवढंच तिने ठरवलं होतं. तो प्रत्येकीला नेमका पोचायला लागला, याची तिला चीडच यायची. त्याहून चीड याची, की इथे तिच्या बोलण्याला वजनच नव्हतं. पोरी एका सामन्यात ती किती वेळा गाढव म्हणते ते मोजायच्या. सतरा हा सगळ्यात मोठा आकडा होता. नांदेडला तिच्या एका शब्दाने पोरी रडायच्या, इथे पैज लागायची.

शेवटचा सामना नांदेडला होता, आसना मंडळाशी. आनंदराज पांढऱ्या शर्टात खुर्चीवर बसले होते, मागे त्यांचाच मोठा फोटो. नांदेडच्या गोलमध्ये लुंबिनी उभी होती, सडपातळ, हसतमुख. लातूरच्या पोरी सामन्याआधी तिच्या गळ्यात पडल्या. विशाखा लांब उभी राहून बुटांच्या नाड्या बांधत राहिली. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

पहिल्या हाफमध्ये तिने दोनदा लुंबिनीच्या गोलवर मारलं. दोन्ही चेंडू आत जायलाच हवे होते. लुंबिनीने पहिला बोटांनी वर उडवला आणि दुसरा पोटाशी धरून पडून राहिली. पोरी उगाच कौतुक करत नव्हत्या तर. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला नांदेडने एक गोल केला, तोही अध्यक्षांच्या पुतणीने, आणि मंडपात फटाके वाजले. सत्तराव्या मिनिटाला विशाखाने चेंडू दीपालीच्या पायाशी ठेवला. क्रॉस आला, आणि या वेळी तिने डोक्याने तो खाली दाबून आत घातला. एक-एक. सामना तसाच संपला. नांदेड लीगमध्ये दुसरं आलं, लातूर चौथं.

बक्षिसं झाल्यावर आनंदराज स्वतः लातूरच्या पोरींजवळ आले. "विशाखा, झालं गेलं विसरून जाऊ. पुढच्या वर्षी आपल्या घरी परत ये. पत्राचं मी बघतो."

विशाखाने मागे वळून बघितलं. तिला वाटलं, आता मागून कुणीतरी म्हणेल की न्हाई सोडणार हिला. कुणीच म्हणालं नाही. दीपाली खाली बसून गुडघ्याचा पट्टा सोडवत होती. शिवकन्येने मात्र विचारलं, "मग लुंबिनी परत येईल का आमच्याकडं?"

तिच्या आवाजात एवढी आशा होती की विशाखा वाकून पुन्हा बुटांच्या नाड्या बांधू लागली.

"मी न्हाई येऊ शकत ग," लुंबिनी म्हणाली. "अजून दोन वर्षं कॉलेज हाय."

"मग हीच राहू द्या," शिवकन्या म्हणाली. "न्हाईतर दीपालीताईला पास कोण देईल?"

कौतुक म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं. तरी विशाखा आनंदराजकडे वळली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "सायेब, तुमच्याकडं पळणाऱ्या लई हायत. क्रॉस मारणारी एकबी न्हाई. मी परत येऊन काय तुमचा फोटो बघू?"

पुतणी हसली, आणि मग काकांकडे बघून गप्प झाली.

परतीच्या गाडीत लोहा मागे पडायच्या आत पोरी झोपल्या. विशाखा सरांच्या बाजूला जाऊन बसली आणि सांगू लागली, दुसऱ्या हाफला उजवी बाजू कशी उघडी पडली, शिवकन्या कशी चुकली, गोलकीपर कशी डोळे मिटते.

"गोल तिच्यामुळं न्हाई झाला," सर म्हणाले. "तू मागं आली न्हाईस. हात पसरून उभी होतीस."

विशाखाने तो गोल डोळ्यांपुढे आणला. चेंडू तिच्याच बाजूने गेला होता, आणि ती तेव्हा पंचाला काहीतरी सुनावत होती.

"दीपाली मागं यायला पाहिजे होती," ती म्हणाली.

"तिला पळता येत न्हाई," सर म्हणाले आणि मान मागे टेकली.

ती खिडकीबाहेर बघत बसली. सर झोपल्याची खात्री झाल्यावर तिने त्यांच्या मांडीवरची वही उघडली, नांदेडच्या त्या गोलापुढच्या रिकाम्या जागेत पेनाने आपलं नाव लिहिलं आणि वही होती तशी ठेवून दिली.